कोच साब गप्प राहिले

सर गाडीत मागच्या सीटवर कधी बसले नाहीत. आमदार होते तेव्हा नाही आणि राज्यमंत्री झाले तेव्हाही नाही. मागे हारांचा ढीग असायचा, पाण्याच्या बाटल्या, लोकांनी हातात कोंबलेले अर्ज आणि या सगळ्याच्या मधोमध अंग चोरून बसलेला त्यांचा बंदूकवाला शिपाई. सर पुढे, माझ्या शेजारी. भोपाळमध्ये एका साहेबानं मला एकदा बाजूला घेतलं. "मंत्रीजी को पीछे बिठाया करो भई, अच्छा नहीं दिखता." मी ते बरेच दिवस पोटात ठेवलं, मग एकदा भीत भीत सरांना सांगितलं.

"त्यांना सांग, मागे बसलं की मला मळमळतं," सर म्हणाले. देवास मागे पडल्यावर पुन्हा म्हणाले, "आणि मागून दिसतं काय रे? तुझी मान. तुझ्या मानेत बघण्यासारखं काय आहे?"

त्यांचं नाव सुधाकर रिसबूड. पण उज्जैनला हे नाव मतदानाच्या मशीनवर आणि पत्रिकांवर छापण्यापुरतंच. बाकी शहराला ते कोच साब. मराठी घरांतून सर. तरुणपणी कॉलेजच्या मल्लखांबाच्या संघात होते, विद्यापीठासाठी खेळले, मग त्याच कॉलेजात खेळाचे शिक्षक झाले आणि कॉलेजामागच्या मैदानावर मुलामुलींना मल्लखांब शिकवत राहिले. ठेंगणे, छाती भरलेली, मनगटं बघून माणूस दचकावा अशी. अंगाला कायम एरंडेलाचा वास. जमिनीत पुरलेल्या त्या सागवानी खांबाला अंग सरकावं म्हणून एरंडेल चोळतात, ते इतकी वर्षं चोळून चोळून वास कातडीत शिरला होता. मंत्री झाल्यावर भोवतीची माणसं अत्तर लावून यायला लागली. सरांचा वास तोच राहिला.

राजकारणात ते कसे आले हे त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकू, फार चांगलं सांगायच्या. "मुली पडतात, हातपाय मोडतात, म्हणून हे पक्षाच्या हापिसात मैदानासाठी गाद्या मागायला गेले. तिकीट घेऊन आले. मी विचारलं, अहो, गाद्या? म्हणाले, विसरलोच." पक्षाला स्वच्छ तोंडाचा, सगळ्या मोहल्ल्यांत ओळखीचा माणूस हवा होता. अर्ध्या शहराच्या मुलांना सरांनी कधी ना कधी खांबावर चढवलेलं होतं. ते निवडून आले. गाद्या पुढे त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतल्या.

मी कारंज्याकडचा, वाशिम जिल्ह्यातला. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. संत्र्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो, मग ड्रायव्हर झालो, आणि फिरत फिरत उज्जैनला एका टॅक्सीवाल्याकडे लागलो. सरांच्या पहिल्या निवडणुकीला त्यानं भाड्यानं जीप दिली आणि जीपबरोबर मला. पहिल्या दिवशी सर शेजारी येऊन बसले आणि माझे हात बघत राहिले.

"स्टेअरिंग एवढं आवळून काय धरून राहिलास रे? ते कुठे पळून चाललंय?"

'धरून राहिलास', 'करून राहिलास' असं माझी आई बोलायची. घर सोडल्यापासून ते कानावर पडलं नव्हतं. आमच्याकडे वऱ्हाडात ते तसंच आणि इथल्या मराठी माणसांच्या तोंडी हिंदीतून आलं म्हणतात, तेही तसंच. कुठून का आलेलं असेना. निवडणूक संपली, जीप परत गेली, मी नाही गेलो.

मला भीती फार. गाडी चालवताना, आणि चालवत नसतानाही. पेट्रोल संपेल, वेळेला पोचणार नाही, समोरून कोणी आडवं येईल, काकूंना राग येईल, घरून फोन येईल. सरांना ते बसल्या बसल्या कळायचं. खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "नामदेव, पडलास तरी खाली जमीनच आहे. दुसरं काय असणार?" मैदानावर नव्या पोरांनाही ते हेच सांगायचे. पोरं हसायची. मला त्यानं हसू यायचं नाही, पण श्वास जरा खाली उतरायचा.

कोणी भेटायला आलं की नमस्काराच्या आधी सर त्याचा हात हातात घेत आणि तळवा वर करून बघत. सवय मैदानावरची. घट्टे कुठे पडलेत, कातडी कुठे सोललीय, यावरून पोरगं खांब बरोबर धरतंय की नाही हे त्यांना समजायचं. आमदार झाल्यावर घरी सकाळी लोकांची रांग लागायला लागली, तरी हात बघणं सुटलं नाही. शिक्षकाचा बघत, पंड्याचा बघत, जमिनींचे व्यवहार करणाऱ्या एका बड्या असामीचाही बघितला आणि "बहुत मुलायम है" म्हणून सोडून दिला. तो माणूस बिचारा तळवा पुसत बसला.

आता हे शहर तीर्थाचं. हळूहळू बातमी पसरली की कोच साब हात बघतात. एक दिवस खेड्यातून एक म्हातारी आली. तिनं अर्ज वगैरे काही आणला नव्हता. मुलाचा हात धरून त्याला पुढे ढकललं आणि म्हणाली, "देखो तो कोच साब, इसकी नौकरी कब लगेगी?"

सरांनी गंभीरपणे हात बघितला. "हाथ तो मेहनत का है, माताजी. नौकरी का इसमें नहीं लिखा. वो मैं फोन करके पूछता हूँ."

आतून काकू म्हणाल्या, "पुढच्या निवडणुकीत हरलात तर रामघाटावर छत्री टाकून बसा. चांगलं चालेल तुमचं."

"तू बसशील ना शेजारी दक्षिणा घ्यायला?"

"मी कशाला? नामदेव आहे की."

मैदानावर मात्र सरांचा आवाज क्वचितच ऐकू यायचा. रोज सकाळी मी त्यांना तिथे सोडायचो आणि कठड्यावर बसून राहायचो. शिकवताना बोलायचे ते पोरगं जमिनीवर असताना. ते खांबावर चढलं की सर गप्प. नुसते खाली येऊन उभे राहायचे, दोन्ही हात थोडे पसरून, अंगाला न लावता. ते उतरलं, पाय टेकले, की मग सगळं सांगायचे. काय चुकलं, कुठे गुडघा वाकला, नजर कुठे गेली.

याला कारण होतं. पिंकी परमार म्हणून एक मुलगी होती, ऑटोवाल्याची. लहानपणापासून सरांकडे. ती एकदा खांबाच्या टोकावर उलटी होती, पाय पसरलेले, आणि तिची आई पहिल्यांदाच बघायला आलेली. आईला राहवलं नाही. "पिंकी! गिर जाएगी!" मुलीनं आवाजाकडे बघितलं आणि पडली. सरांनी झेललं, तरी खांद्याचं हाड गेलं. आई रडत होती. तिला सर एक शब्द वावगा बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून मैदानावर नियम झाला. जो वर आहे त्याला हाक मारायची नाही. आई असो, बाप असो, कलेक्टर असो. काही सांगायचं असेल तर तो खाली येईपर्यंत थांबायचं.

पिंकीचं हाड जुळलं. मोठी होऊन ती सरांच्या हाताखाली शिकवायला लागली, आणि सर भोपाळच्या फेऱ्यांत अडकले तेव्हा मैदान तीच चालवायची.

हा नियम सरांच्या अंगात किती मुरला होता, ते मला एका सभेत दिसलं. तरान्याच्या बाजूला एका गावात सभा होती, वरचे एक मोठे नेते यायचे होते. सरांची आणखी एक खोड होती, मंचावर चढण्याआधी ते मागे जाऊन खालचे बांबू हलवून बघत. त्या दिवशी आम्हाला पोचायला उशीर झाला. नेते वर चढलेले, भाषण सुरू. सर सवयीनं मागे गेले, मी त्यांच्या मागे. कोपऱ्यातला बांबू दोरीतून सुटून निघालेला. वर पंधरा-वीस माणसं, हार, खुर्च्या.

"सर, वर सांगू का?" मी म्हणालो.

"थांब. हाक मारलीस तर सगळे एकदम या कडेला येतील."

आणि त्यांनी तो बांबू खांद्यावर घेतला. मी खाली बसून बुंध्याला मिठी मारली. भाषण संपेपर्यंत आम्ही तसेच. वरून धूळ पडत होती, टाळ्या वाजल्या की सगळं थरथरायचं. मधूनच माइकवरून आवाज आला, "हमारे कोच साब कहाँ हैं? दिख नहीं रहे." सरांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. सभा संपली, माणसं एकेक करून उतरली, मग सर बाहेर आले. पांढऱ्या कुर्त्याच्या खांद्यावर शेणामातीचा पट्टा. नेते तोवर गाडीत बसून काच वर करून निघून गेलेले. कोच साब सभेला आले नाहीत म्हणून नेते रागावलेत, असं संध्याकाळपर्यंत सगळ्या जिल्ह्याला माहीत झालं.

"सांगा ना त्यांना," मी गाडीत म्हणालो.

"काय सांगायचं? उतरला ना माणूस धड? मग झालं."

दुसऱ्या निवडणुकीच्या ऐन धामधुमीत माझे वडील आजारी पडले. सरांनी मला गावी पाठवलं आणि स्वतः एका कार्यकर्त्याच्या स्कूटरवर मागे बसून प्रचार केला, हे मला नंतर कळलं. मी पोचेपर्यंत वडील गेले होते. राख घेऊन उज्जैनला परत आलो, कारण वडिलांची इच्छा होती की क्षिप्रेत सोडावी. पोरगा क्षिप्रेच्या गावात राहतो याचा त्यांना कोण अभिमान होता. माझं इथे नात्याचं कुणीच नाही. पहाटे रामघाटावर एकटाच जायचं ठरवलं होतं. दार उघडलं तर बाहेर सर उभे, धोतर नेसून.

घाटावर ते माझ्यामागे एक पायरी वर बसले. प्रचाराचे शेवटचे दिवस. त्यांनी मोबाईल बंद करून टाकला होता. गुरुजी सगळं विचारून घेत होते, गाव, गोत्र, कोण कोण आहे. सरांकडे बघून त्यांनी ओळखलं नाही, किंवा ओळखून विचारलं. "आप इनके क्या लगते हैं?"

"घर का ही हूँ," सर म्हणाले.

मला पाण्यातून बाहेर यायला जमत नव्हतं. शेवाळ होतं आणि मला रडूही येत होतं. सर खाली उतरले आणि दंडाला धरून वर घेतलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी तिथेच बसलो असतो.

त्या निवडणुकीनंतर ते राज्यमंत्री झाले. तिथपासून ते दमलेले दिसायला लागले. वय झालं होतं, गुडघे गेले होते, पण दमणूक त्याची नव्हती. भोपाळला जायचं, कुणाच्या तरी बंगल्यावर थांबायचं, चहा प्यायचा, पुन्हा थांबायचं, परत यायचं. गाडीत बसल्या बसल्या पायांतले बूट काढायचे आणि म्हणायचे, "आज काही झालं नाही, नामदेव." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मैदानावर सकाळी अर्धा तास उभे राहिले की जरा माणसात यायचे. मग तेही जमेनासं झालं.

कुंभमेळ्याची तयारी सुरू झाली की या शहराचे रस्ते उसवले जातात. सगळ्यांना सवय आहे. कुणाचा ओटा जातो, कुणाचं दुकान मागे सरकतं. कॉलेजामागच्या मैदानावर वाहनतळ करायचा, अशी कुजबुज होती. पिंकी काळजीत होती. मुलींच्या आया विचारायला लागल्या होत्या. सर म्हणाले, "बैठक आहे, मी आहे ना तिथे." मुली निर्धास्त झाल्या. मीही झालो.

बैठकीच्या दिवशी मी बाहेर इतर ड्रायव्हरांबरोबर बसलो होतो. आत काय झालं ते सरांनी नंतर सांगितलं, आणि काही आत चहा देणाऱ्या माणसानं. एक तरुण अधिकारी पडद्यावर नकाशे दाखवत होता. नवा होता, पहिल्यांदाच इतक्या बड्या लोकांसमोर उभा राहिलेला. हातातल्या त्या लाल दिव्याचा ठिपका पडद्यावर थरथरत होता. शब्द अडकत होते. मैदानाचा नकाशा आला. सरांना बोलायचं होतं. पण तो पोरगा मध्येच अडखळला, घाम पुसला, पुन्हा सुरू झाला, आणि सर थांबले. त्याचं होऊ दे, मग बोलू. तो पुढच्या नकाशावर गेला, त्याच्याही पुढच्या. शेवटचा शब्द संपला आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या साहेबांनी टाळी वाजवली. "तो सबकी सहमति है. बहुत बढ़िया." खुर्च्या सरकल्या. सरांनी हात वर केला तेव्हा अर्धी माणसं दाराशी होती.

परतताना फ्रीगंजच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा सर म्हणाले, "आपलं मैदान गेलं रे."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळेला मैदानावर गेले. सगळ्यांना खाली बसवलं, स्वतः उभे राहिले. म्हणाले, "कल मीटिंग में मैदान की बात निकली. मैं वहीं बैठा था. मैं बोला नहीं. जब तक बोलता, हो गया."

लहान मुलींना काही समजलं नाही. पिंकी मागे उभी होती, हाताला तेल लागलेलं.

"बोले क्यों नहीं, सर?"

"वो लड़का घबराया हुआ था. नक्शा दिखा रहा था. मुझे लगा, उसका हो जाए, उतर जाए, फिर बोलता हूँ."

पिंकीला त्यांच्याशी असं बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. ती म्हणाली, "वो कहाँ चढ़ा था, सर? ऊपर तो हम थे."

सरांनी मान हलवली. "हाँ," एवढंच म्हणाले.

घरी येऊन त्यांनी काकूंनाही सांगितलं. मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो. काकू टोमणा मारतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "जेवण वाढू का?" सर नको म्हणाले.

मग फेऱ्या सुरू झाल्या. भोपाळ, परत, पुन्हा भोपाळ. जिथे जावं तिथे एकच ऐकायचं, बैठकीत तुमची सहमती आहे. तरान्याकडच्या सभेतले ते मोठे नेतेही भेटले. त्यांनी सरांना बराच वेळ बाहेर बसवलं आणि मग दारातच म्हणाले, "कोच साब, सभा में आप दिखते नहीं, मीटिंग में बोलते नहीं. आपको चाहिए क्या?" मी जिन्यात उभा होतो. वाटलं, आता तरी सांगतील की त्या दिवशी कुठे होते. सर म्हणाले, "ज़मीन चाहिए, थोड़ी सी. बच्चियों के लिए." नेते हसले आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, "देख लेना." त्या माणसानं बघितलं नाही.

सरांनी वर्तमानपत्रात या वाहनतळाच्या विरोधात लिहिलं. स्वतःच्याच सरकारच्या विरोधात. त्यानं मैदान वाचलं नाही, पण त्यांचं पुढचं तिकीट गेलं. जाणारच होतं, असं काकू म्हणाल्या, निदान कारण तरी चांगलं मिळालं.

मैदानावर यंत्रं यायच्या आदल्या दिवशी आम्ही खांब उपटला. तो बाहेर दिसतो तेवढाच नसतो, बराच जमिनीत असतो. पिंकी, मोठ्या मुली, त्यांचे बाप, मी. सर एका बाजूला बसून सांगत होते, कुठे खणा, दोर कुठून घ्या. खालचा भाग निघाला तो पांढरट, कोरा, वरचा तेलानं काळाभोर. हातगाडीवर घालून तो सरांच्या घरी आणला आणि दुसरी जागा नव्हती म्हणून व्हरांड्यात आडवा ठेवला.

तो तिथे कितीतरी महिने राहिला. सकाळची माणसांची रांग आता नव्हती. बंदूकवाला शिपाई गेला, सरकारी गाडी गेली. व्हरांड्यात सर आणि खांब. काकूंना दर वेळी तो ओलांडून तुळशीपाशी जावं लागे. "या वयात सवत आणून ठेवली," त्या म्हणायच्या, आणि न चुकता दर आठवड्याला कापसाच्या बोळ्यानं त्याला तेल लावायच्या, लाकूड तडकू नये म्हणून.

मुली गळायला लागल्या. आधी लहान, मग मोठ्या. कुणाचं क्लासचं कारण, कुणाचं लग्न. पिंकी एका शाळेच्या अंगणात झाडाला दोर बांधून उरलेल्यांना शिकवायची, तीही शाळा नको म्हणाली. तिला इंदूरला जिममध्ये नोकरी मिळत होती. ती सरांना विचारायला आली. सर मराठीतच म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबशील? हिंदीत सांगू?" ती म्हणाली, "समझ गई, सर." मराठी तिला सगळं समजायचं. ती थांबली.

माझं म्हणाल तर गाडी गेल्यावर मी घाबरून गेलो होतो. नववी नापास माणसाला कोण ठेवतो. सरांनी एका शाळेत माझ्यासाठी शब्द टाकला आणि मला मुलांची व्हॅन मिळाली. स्वतःच्या कामासाठी ज्या माणसाला आता कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यानं माझ्यासाठी जाऊन शब्द टाकला. त्याबद्दल काही म्हणायला गेलो की ते म्हणायचे, "व्हॅनला आरसा मोठा बसवून घे. पोरं मागून उतरतात."

खांबाला जागा मिळाली, हे आधीच सांगून टाकतो. नानाखेड्याला, बसस्टँडच्या मागच्या कॉलनीत, एक उरलेला तुकडा. सकाळी तिकडून गेलात तर पिंकी आणि मुली दिसतील. खांब तोच आहे. पण तो उभा राहिला तेव्हा सर इथे नव्हते. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात राहणाऱ्या मुलानं त्यांना तिकडे नेलं, आणि तिथेच ते गेले. पिंकीनं मला फोन करून सांगितलं. मी शाळेच्या फाटकाशी होतो, व्हॅनमध्ये मुलं चढत होती. घरी पोचवेपर्यंत मी कुणाला काही सांगितलं नाही.

त्यामुळे माझ्याकडचे शेवटचे सर आहेत ते त्या जागेच्या कामासाठी एका कचेरीत बसलेले. पुण्याला जायच्या थोडं आधीची गोष्ट. दुपारची शाळा सुटण्यापूर्वी मला मोकळा वेळ असतो, तेव्हा मी त्यांना तिथे सोडायचो. आधी किती खेपा झाल्या होत्या, मी मोजल्या नाहीत. त्या दिवशी फार ऊन होतं. लांब व्हरांडा, एक बाक, त्यावर पेन्शनवाले, नळाची तक्रार घेऊन आलेल्या बायका. सर टोकाला बसले. थोड्या वेळानं एक नवा शिपाई आला, पाण्याची टाकी ठेवायला त्याला जागा हवी होती.

"चाचा, ज़रा सरको."

सर सरकले. मला राहवलं नाही. "अरे, तुला माहीत आहे का हे कोण..." मी सुरू केलं. सरांनी माझं मनगट धरलं. पकड अजून तशीच होती.

"नामदेव, शाळा सुटेल."

"सर, मी आत जाऊन नुसतं सांगतो की..."

"काय सांगशील? माजी मंत्री? त्या बायका सकाळपासून बसल्यात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जा तू. पोरं उन्हात उभी राहतील."

मी निघालो. फाटकापर्यंत गेलो आणि मागे वळून बघितलं, तर आतून कारकून दारात आला होता. हातातला कागद डोळ्यांपासून लांब धरून तो ओरडला, "रिसबूड! ये रिसबूड कौन है?"

बाकावर कुणी मान वर केली नाही. सर एक हात गुडघ्यावर आणि एक भिंतीला लावून उठले. "जी, मैं हूँ," म्हणाले. कारकून आत वळलासुद्धा. सर दारापाशी पोचले आणि थांबले. तिथे चपला कुणीच काढत नव्हतं, सगळे तसेच आतबाहेर करत होते. सरांनी चपला काढल्या, पायानंच भिंतीशी जोडून ठेवल्या, कुर्ता खाली ओढून सरळ केला, आणि आत गेले.